आबांनी राखून ठेवलेला डाव

इरा, कबीर — तुमच्या आजीने नोकरीची सगळी वर्षं दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात कोणी भुताखेताची गोष्ट काढली की मी एवढंच विचारायची, "तू स्वतः पाहिलंस का?" बहुतेक वेळा मामाच्या मित्राने पाहिलेलं असायचं. विषय तिथेच संपायचा.

आता जे लिहिते आहे ते मात्र मी स्वतः पाहिलं आहे. भर दुपारी, चष्मा लावून. पत्र तुम्हाला आहे, पण या सदरात सगळ्यांसमोर देते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला उलगडा होत असेल तर मला तो हवा आहे.

आत्ताच का? तर मागच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलमुळे. इरा, तू विचारलंस, "आजी, आबांचा तो गेम अजून आहे?" मी उत्तर द्यायच्या आत तुझा बाबा म्हणाला, "मशीन असेल गं, पण तुमचा डाव गेला. गेमच्या कॅसेटच्या आत एक छोटा सेल असतो. तो संपला की सेव्ह केलेलं सगळं पुसलं जातं. केव्हाच संपला असणार." तू तशीच उठून गेलीस, आणि मला स्क्रीनवर नुसती तुझी खुर्ची दिसत राहिली.

कबीर, आबा होते तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, म्हणून तुला सांगते. तो हातात धरून खेळायचा गेम तुझ्या बाबाचा. बाबा कॉलेजात गेल्यावर तो आबांनी ताब्यात घेतला. त्यांची मिल बंद पडली होती, तिथल्या डिझाइन खात्यातला माणूस घरी बसला होता, हाताला काहीतरी हवं होतं. गेममध्ये एक बुटका माणूस, शिड्या, पूल, कुठेतरी पडलेली किल्ली आणि एक कुलूपबंद दार. किल्ली डोक्यावर धरून दारापर्यंत न्यायची. मध्येच खाली ठेवली तर थोड्या वेळाने ती आपोआप मूळ जागी जाते, की पुन्हा पहिल्यापासून. बुटक्याने उडी मारली की आबाही खुर्चीतून अर्धे उठायचे. मी म्हणायची, "अहो, तुम्ही नाही उडालात तरी तो उडेल."

इरा सहा वर्षांची असताना गिरगावात आमच्याकडे महिनाभर होती. आबांच्या मांडीवर बसून दोघांनी मिळून पहिल्या जागेत नवा डाव मांडला. या गेममध्ये तीन जणांचे डाव तीन जागांत वेगवेगळे ठेवता येतात. एका पाण्याच्या पायरीवर, म्हणजे गेमच्या टप्प्यावर, गाडी अडली आणि इराच्या परतीच्या विमानाची वेळ झाली. इराने घर डोक्यावर घेतलं. आबांनी तिच्यासमोर मशीन बंद केलं आणि म्हणाले, "हा डाव मी एकटा पुढे नेणार नाही. तू ये, मग दार उघडू."

नेला नाही. स्वतः कायम तिसऱ्या जागेत खेळले. मी एकदा पुसायला मशीन उचललं तर ओरडले, "पहिल्या जागेला हात लावू नकोस हं, ती इराची आहे." इरा परत यायच्या आधीच ते गेले. नंतर तुमचं येणं या ना त्या कारणाने राहिलं.

तर त्या रविवारी फोन ठेवला आणि कपाटातून मशीन काढलं. नवे पेन्सिल सेल घातले. चालू झालं. तिसरी जागा कोरी, दुसरी कोरी. पहिलीत इंग्रजी अक्षरांत इराचं नाव, आणि तीच पाण्याची पायरी.

तुमच्या बाबाला कळवलं. "नशीब!" म्हणाला. "आतला सेल शेवटच्या घटका मोजतोय, आई. आधी डावाची कॉपी काढून घे, मग लगेच बदल."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर लॅमिंग्टन रोडला गेले. एका गल्लीत पहिल्या मजल्यावर घाडी म्हणून गृहस्थ जुने गेम दुरुस्त करतात. मालवणकडचे, तोंडाने फटकळ. कॅसेट पाहून म्हणाले, "मॅडम, नातवाची?"

"नातीची. आत तिचा आणि तिच्या गेलेल्या आजोबांचा डाव आहे, तो जाता कामा नये."

"जायचा नाय. पयली कॉपी, मग सेल."

त्यांनी कॅसेट एका खोक्यात खुपसून कॉम्प्युटरला जोडली. कॉपी आली ती कोरी. पुन्हा केली, पुन्हा कोरी. मशीनमध्ये घातली तर डाव जसाच्या तसा. "ह्यो काय प्रकार?" म्हणत त्यांनी माझ्यासमोर कॅसेटचा स्क्रू काढला.

आत सेल नव्हताच.

सेलची गोल जागा रिकामी होती, दोन्ही टोकांना सोल्डरिंगचा जुना डाग दिसत होता. कोणीतरी कधीतरी तो काढला होता. मी चष्मा पुसून पाहिलं, भिंगातून पाहिलं. नव्हता.

घाडी म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी वरून लाइन टाकलीय काय?"

"वरून टाकली असती तर बिल माझ्या नावावर आलं असतं," मी म्हटलं.

मग मी शाळेत करायची तेच केलं. कदाचित या कॅसेटला सेल लागतच नसेल, तर ते तपासायला हवं. घाडींना दुसऱ्या जागेत नवा डाव सुरू करायला सांगितला. ते पटापट थोडं खेळले, डाव सेव्ह केला, मशीन बंद केलं, चालू केलं.

दुसरी जागा कोरी. पहिलीत इरा.

मी स्वतः तिसऱ्या जागेत तेच केलं. तीही कोरी. पहिलीत इरा. दुसरं मशीन आणवलं, त्यात कॅसेट घातली... तेच.

घाडींनी हात पुसले आणि खुर्ची जरा मागे सरकवली. "मॅडम, खरं सांगू? मला ह्याला तापलेली सळई लावायची नाय. तुम्ही म्हणत असाल तर नवा सेल बसवतो. मग पुढे ज्याचा त्याचा डाव टिकेल. पण हा राहील की जाईल, माझी गॅरंटी नाय."

सेल बसवला तर कबीर, तुलाही तुझा डाव ठेवता आला असता. मी विचार केला आणि स्क्रू लावून द्यायला सांगितलं. तो डाव कशावर टिकला आहे हेच कळत नसेल, तर त्याची दुरुस्ती कशी करायची? कबीर, तुला रोज पहिल्यापासून खेळावं लागेल. चालेल ना रे?

घरी येऊन तुमच्या बाबाला फोन केला. "आई, चिप वेगळी असेल, सेल न लागणारी," तो म्हणाला.

"मग बाकीच्या जागा का पुसल्या जातात?"

तो पुन्हा चिपबद्दलच बोलायला लागला.

तेवढ्यात इराने फोन ओढून घेतला. "आजी, पूल आहे ना वरती? आणि किल्ली पलीकडे?"

"आहे."

"कोणी खेळायचं नाही! मी येतेय. बाबा, मी जातेय हं, तू ये नाहीतर नको येऊस."

तुमचा बाबा मागून म्हणाला, "तिकीट कोण काढणार, आबा?" इरा हसली. मीही हसले.

विज्ञानाच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना विचारून झालं. एक म्हणाली, घाडींची हातचलाखी. पण कॅसेट पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर होती. दुसऱ्याने विषय बदलला. भूत वगैरे मी आजही मानत नाही. जे दिसलं ते लिहिलं.

आज सकाळी पुन्हा मशीन चालू करून पाहिलं. इराचा आणि आबांचा डाव तसाच आहे.