माझ्या नावाने गायलेली वहिनी

माझ्या मृत्यूची बातमी मला फोनवर कळली. नाकाडोंगरीहून कोणी भला माणूस बोलत होता. "रंजनाताईच्या घरचं कोणी बोलून राहिलं का? लय वाईट झालं जी. आमच्या मंडईत गायल्या होत्या त्या." मी म्हटलं, "अहो, मीच रंजना." पलीकडून हळूच प्रश्न आला, "मंग फोटोत कोण हाये?" फोटो तोवर माझ्याही मोबाइलवर येऊन पडला होता. निळा चमकीचा घागरा, हातात माइक, खाली 'गायिका रंजना यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटोतली बाई माझी वहिनी होती, वनमाला. त्याच सकाळी ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारली होती. त्या माणसाला मी काहीतरी थातुरमातुर सांगून फोन ठेवला. रडू नंतर आलं. आधी आली ती लाज, आणि इतके आठवडे झाले तरी ती काही हटायला तयार नाही.

आम्ही चार भावंडं, आणि आमचा ऑर्केस्ट्रा 'सूरसाखळी'. आज हसू येईल, पण कॅसेटच्या त्या काळात जिल्ह्यात आमच्या नावाचा दबदबा होता. वडील लवकर गेले, थोरल्या दादाने आम्हाला वाढवलं आणि स्टेजवर उभंही त्यानेच केलं. 'सख्ख्या भावंडांचा ऑर्केस्ट्रा' हे पोस्टरवर आमच्या नावापेक्षा मोठं लिहिलेलं असे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरेधायरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, आणि करमणुकीला दंडार नाहीतर ऑर्केस्ट्रा नसला तर लोकांना ती मंडई वाटतच नाही. त्या वर्षी सगळ्या तारखा ठरल्या, पोस्टरं लागली, आणि माझा घसा बसला. साधासुधा नव्हे, नीट बोलताही येईना.

वहिनी घरात तांदूळ निवडताना गायची. माझ्यापेक्षा चांगली गायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दादा म्हणाला, "वनमाला गाईन. पण रंजना म्हणून." बहीण गायली तर ती कला, सून गायली तर लोक म्हणणार, सुनेला नाचवून पोट भरून राहिले. असला आमचा अब्रूचा हिशेब! मला तेव्हा तो अगदी बरोबर वाटला. माझा घागरा तिला मीच नेसवला. तिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं, आणि मी ते कीबोर्डच्या खोक्यात, वायरींच्या खाली ठेवलं. "हरवजो नको वं," एवढंच ती म्हणाली. त्या दौऱ्यात मी मागे बसून कीबोर्ड वाजवत होते.

दौऱ्याला पहिल्यापासूनच दृष्ट लागली होती. एका गावी जनरेटर बंद पडला, दुसऱ्या गावी गाडी बांधीत रुतली आणि लोकांनी धानाच्या चिखलातून ढकलत बाहेर काढली. पण वहिनी माइकपुढे उभी राहिली की लोक सगळं विसरत. "रंजना! रंजना!" असा गलका होई. माझं नाव एवढ्या प्रेमाने मी गात असताना कोणी कधी घेतलं नव्हतं... एका गावच्या कमिटीवाल्याने तर आपल्या पोरासाठी 'रंजना'ला मागणीच घातली. दादा हसून म्हणाला, "पाहून सांगतो." बायकोला मागणी आली होती त्याच्या! आम्ही गाडीत पोट धरून हसलो. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

एकोडीची मंडई दुपारची होती. कार्यक्रम संपला की कलाकारांनी गावातल्या कोणाकडे तरी पाहुणे म्हणून जेवायचं, ही तिथली रीत. आमची पंगत कमिटीच्या पाटलांकडे बसली. पानं वाढली, वरणभात, उडदाचे वडे... आणि समोरच्या ओळीत वहिनीचे बाबूजी येऊन बसले. आंबागडहून ते धाकट्या लेकीची सोयरीक जुळवायला त्याच घरी आले होते. कार्यक्रम त्यांनी बघितला होता. मंगळसूत्राविना मोकळ्या गळ्याच्या आपल्या लेकीला दुसरीच्या नावाने हाक मारलेली ऐकली होती.

दादाचा घास हातातच राहिला. बाबूजींनी एकवार त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात पाटीलबुवा कौतुकाने म्हणाले, "लय गोड गायलीस बाई. तुह्ये बाबूजी काय करते?"

रंजनाचे बाबूजी. माझे. ते केव्हाच गेलेले. वहिनी खाली बघून म्हणाली, "नाही जी ते. वारले."

सख्खा बाप हातभर अंतरावर भात कालवत होता. एक शब्द बोलला असता तर धाकटीची सोयरीक तिथेच मोडली असती आणि वहिनीच्या सासरची लाज चव्हाट्यावर आली असती. त्यांनी वड्यांचं ताट उचललं, वाकून तिच्या पानात एक वडा ठेवला आणि म्हणाले, "घ्या रंजनाबाई. पोटभर जेवा." त्यांनी आपल्या लेकीला 'घ्या' म्हटलं! मी तिथेच होते. माझा घसा बसला होता हे खरं, पण एवढा काही बसला नव्हता.

धाकटीचं लग्न वहिनीविना त्याच घरात झालं. वहिनीने मात्र पुढच्या गावी माइक हातात घेतलाच नाही. दादा ओरडला, मग हात जोडले, मग पुन्हा ओरडला. "मले नाही येत गाणं," एवढंच ती म्हणत राहिली. उरलेल्या मंडया रद्द झाल्या, 'सूरसाखळी' तिथेच तुटली, आणि कित्येक वर्षं आम्ही सगळे माझ्या घशाला दोष देत राहिलो. घरात तांदूळ निवडतानाही ती पुन्हा गायली नाही.

तिची एक सवय तेवढी त्यानंतर लागली. कोणीही, अगदी भांडीवालीनेसुद्धा, माहेर विचारलं की ती गावाच्या आधी सांगायची, "माह्ये बाबूजी हायेत." बाबूजी खरोखर गेले, दिवस झाले, तरी तिचं 'हायेत' काही 'होते' झालं नाही. दादा चिडायचा. पोरं हसायची. मी उठून आत जायची.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यातल्या एका कोवळ्या नर्सने सलाइन लावता लावता सहज विचारलं, "आजी, माहेरी कोण कोण आहे?" वहिनीने डोळे उघडले. "बाबूजी हायेत." दादा नर्सला हळूच म्हणाला, "भ्रमात बोलून राहिली ते. कधीचे वारले." वहिनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हायेत," मी नर्सला म्हटलं. "आंबागडले असतात. हे त्यायची वनमाला."