अर्धी गोळी

दुष्काळाच्या त्या साली कर्जतकडची गावंच्या गावं सरकारी कामावर खडी फोडायला बसली. चांगुणाही बसली. घरात ती आणि थकलेली सासू, दोघींचं पोट त्याच कामावर.

चांगुणाला लहानपणापासून फेफरं यायचं. दवाखान्यातला इसहाक कंपाउंडर आठ वर्षं तिला झोपताना एक गोळी घ्यायला लावत होता. दर महिन्याला तो आधीची पुडी मागायचा. गोळी उरलेली दिसली की म्हणायचा, "चांगुणे, माझ्याशी लबाडी नको." मग समोर बसवून सगळं विचारायचा. आठ वर्षांत ती दोनदाच पडली.

उन्हाळ्यात इसहाकची बदली झाली.

खडीचं माप जोडीनं घ्यायचे. चांगुणाच्या जोडीला रंगुबाई होती. गोळीनं सकाळी चांगुणाचं डोकं जड राही. चार घावांत फुटणाऱ्या दगडाला सात घाव लागत. शेतात ते खपून जाई, इथं ढीग लहान दिसे.

"हातोडी उचलतीस का पाळणा हालवतीस?" रंगुबाई म्हणाली. "तुझ्यापायी माझं माप बुडतंय. मी दुसरी जोडीदारीन बघते."

त्या दिवसापासून चांगुणा अर्धी गोळी खाऊ लागली. घाव पुन्हा चारावर आले.

अठराव्या दिवशी ती ढिगावरच पडली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. शुद्धीवर आली तेव्हा कपाळ फुटलं होतं आणि श्रीमंत नावाचा मुकादम समोर उभा होता.

"डाक्टरची चिठ्ठी आन, काम झेपतंय म्हनून. त्याबिगर हजेरी न्हाई."

दवाखान्यात नवा डॉक्टर होता. त्याच्या आधीचा दोनच महिने टिकला होता. या नव्यानं कपाळावरची पट्टी पाहिली, मग कार्ड.

"गोळी रोज घेता?"

खरं सांगितलं तर चिठ्ठी मिळणार नव्हती.

"व्हय."

"पूर्ण?"

"व्हय."

त्यानं पुडी मागितली नाही. "मग तुम्हाला एक पुरत नाही. आजपासून दोन घ्या," म्हणाला आणि चिठ्ठी लिहून दिली.

चांगुणानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाईनं तापलेलं पोर टेबलावर ठेवलं. चांगुणा बाजूला झाली.

संध्याकाळी तिनं दोन्ही गोळ्या उंबऱ्यावर ठेवून मोडल्या. चार तुकडे झाले.

"किती खायच्या म्हनला?" सासूनं विचारलं.

"येवढीच." एक तुकडा तिनं जिभेवर ठेवला, तीन पदराला बांधले.

सकाळी श्रीमंतानं चिठ्ठी वाचली आणि हजेरी मांडली. चांगुणानं आपल्या बसायच्या जागेभोवतीचे धारदार दगड हातभर लांब सारले.

"हे काय मांडलंस?" रंगुबाईनं विचारलं.

"मी पडले तर आधी हातातली हातोडी काढून घे. कांदा मागनं."

चांगुणानं दगड पुढ्यात घेतला. तो चार घावांत फुटला.