पर्सिमनची अढी

पर्सिमन नावाच्या केशरी फळाची जात ओळखायची असेल तर ते कच्चं असताना चावावं लागतं, आणि एकदा चावलं की पुढची दहा मिनिटं माणूस कुणालाही काही सांगू शकत नाही.

हे ज्ञान मला आर्मिडेलला मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला, सतीशला, तिथल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली आणि मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. गाव डोंगरावर. थंडी अशी की सकाळी नळ सोडला तर पाणी यायला नऊ वाजायचे. (आईला पुण्याला लिहिलं, की आम्ही दोन-दोन रजया घेऊन झोपतो. तिचं उलटटपाली उत्तर आलं, "तुम्ही नक्की ऑस्ट्रेलियातच उतरलात ना, ते एकदा कुणालातरी विचारून घ्या.")

शेजारी केन राहायचा. रेल्वेतून रिटायर झालेला, सत्तरी उलटलेला, एकटा. त्याला एकच नाद, पर्सिमन. जपानी पर्सिमनचं फळ चांगलं पेरूएवढं, पण वसंतात एक दिवस हिम पडलं की सगळे कोवळे कोंब काळे. अमेरिकन पर्सिमन थंडीला दाद देत नाही, पण फळ सुपारीहून जरासंच मोठं आणि आत बियाच बिया. केनने वीस वर्षं या दोघांची सोयरीक जमवण्यात घालवली होती. मागच्या अंगणात चार झाडं उरली होती, आणि त्यातलं एकच त्याच्या मनासारखं उतरलं होतं. त्याचं नाव 'नंबर सेव्हन'. ते इतकं उशिरा पालवायचं, की हिम येऊन जायचं तरी याची झोप मोडायची नाही.

मग केनला मोतीबिंदू झाला, पाठोपाठ हृदयाचं दुखणं आलं, आणि ब्रिस्बेनच्या मुलीने त्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. नव्या मालकाला नेमकं त्या झाडांच्या जागी गॅरेज हवं होतं. जूनमधल्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या, एका सोमवारी झाडं उपटायला मशीन येणार होतं. कलम करायला केनकडे कुंडीतलं एकच रोप शिल्लक होतं. एक रोप, एक काडी. काडी चुकीच्या झाडाची लागली तर वीस वर्षं पाण्यात.

"पण झाडांना पाट्या असतील ना?" मी विचारलं.

"होत्या. काकाटू पोपटांनी खाल्ल्या. आणि आता मला चारी झाडं म्हणजे एकच धुकं दिसतं."

पानांवरून कळलं असतं, पण पानगळ होऊन गेलेली. बोडक्या फांद्यांवर नुसती केशरी, पण अजून कडक आणि कच्ची फळं लटकत होती. केन म्हणाला, "मशीन यायच्या आदल्या शनिवारी मला चारी झाडांची कच्ची फळं दे. सेव्हनसारखं तुरट दुसरं काही नाही. मी डोळे मिटून सांगेन." (डोळे मिटायची त्याला तशी गरजही उरली नव्हती.)

शनिवारला दोन आठवडे होते, तोवर केन ब्रिस्बेनला डॉक्टरांकडे जाऊन येणार होता, आणि काकाटू रोज पंगत झोडत होते. म्हणून मी पुढे झाले. "नमुने माझ्यावर सोड केन. माझं रोजचंच काम आहे." बुटांची चार खोकी घेतली, त्यांवर एक ते चार नंबर घातले, प्रत्येक झाडाखाली उभी राहून दहा-दहा फळं तोडली आणि खोकी कपडे धुण्याच्या थंडगार खोलीत फळीवर ठेवली. पद्धत बरोबर आहे ना बघावं म्हणून एक फळ सतीशला चावायला दिलं. त्याच क्षणी त्याच्या हेडचा फोन आला. सतीशची जीभ टाळ्याला चिकटलेली. तो फक्त "म्म" म्हणाला, आणि त्या "म्म"पायी पुढचं वर्षभर टाइमटेबल कमिटीवर बसला.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे माझे सासरे. रत्नागिरीकडचे, जन्म आंब्यांत गेलेला. आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते आणि तिसऱ्या महिन्यातच कंटाळले होते. फळं तोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शिफ्टला पळत असताना ते म्हणाले, "सूनबाई, ती फळं गारठ्यात टाकलीयेस. मी जरा नीट लावू का?"

"लावा ना नाना, नो वरीज," म्हणत मी गाडी काढली. मला वाटलं, फळी आवरणार असतील.

पुढचे दोन आठवडे मी खोक्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. नमुन्याला उगाच हात लावू नये, हा लॅबचा नियम. घरातल्या टॉवेलांना गोडसर वास यायला लागला, तो मी नव्या साबणाचा समजत होते. शुक्रवारी संध्याकाळी खोकी काढली तर चारही रिकामी, झाकणं मात्र व्यवस्थित लावलेली. मी वासाच्या मागावर गेले आणि गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडलं. आत टॉवेलांच्या खाली पेंढा, पेंढ्यात फळं, मधे पिकलेली सफरचंदं. आंब्याची घालतात तशी अढी! सगळी फळं पिकून मऊ, गोड, लोण्यासारखी. तुरटपणाचा मागमूस नाही.

"नाना, हे काय केलंत? उद्या ही कच्ची हवी होती!"

"कच्ची? फळं तोडून कच्ची कशाला ठेवायची?"

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सासऱ्यांशी असं कुणी बोलत नाही, मीही आधी नि नंतर कधी बोलले नाही. नाना जेवले. शेवटी ताकही मागितलं नाही.

एव्हाना काकाटूंनी झाडांवर एकही फळ ठेवलं नव्हतं. शनिवारी सतीशला घेऊन केनला सांगायला गेले. तो मागच्या पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "इट्स ऑल राइट, लव्ह." मला रडू यायला लागलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कानटोपी घालून नाना कुंपणाशी आले. "हे गृहस्थ असे का बसलेत?" सतीशने सगळं सांगितलं. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "मग जात ओळखायचीय असं म्हणायचं होतंस. चार जाती चार कोपऱ्यांत लावल्यात मी. हापूस आणि पायरी कुणी एकत्र घालतं का?"

"म्हणजे माझ्या चार खोक्यांप्रमाणेच ना?"

"छे. तुझ्या एक नंबरच्या खोक्यातच तीन जाती होत्या."

मी वर बघितलं. वीस वर्षांत चारी झाडांच्या फांद्या एकमेकींत पार गुंतल्या होत्या. मी एकाच्या खाली उभी राहून दुसऱ्याची फळं तोडली होती. म्हणजे नानांनी हात लावला नसता, तर केनने अचूक फळ ओळखून बेधडक चुकीच्या झाडाची काडी कापली असती.

नानांनी प्रत्येक कोपऱ्यातलं एकेक फळ आणून केनच्या हातावर ठेवलं. "देठ," ते म्हणाले, आणि केनचं बोट धरून देठावरच्या टोपीवरून फिरवलं. पहिलं सपाट. दुसरं सपाट, रुंद. तिसरं फळ लहान, टोकदार, आणि टोपीच्या चारी पाकळ्या मागे वळलेल्या. केनचं बोट तिथे थांबलं. "हिच्या आईची पण अशीच होती," तो म्हणाला. अमेरिकन झाडाबद्दल बोलत होता, पण आवाज असा की आम्ही सगळे जरा सावरून उभे राहिलो.

फळ कळलं, पण ते कुठल्या झाडाचं? नानांनी फांद्यांकडे बोट दाखवलं. काकाटू गर खाऊन गेले होते, पण देठांच्या टोप्या फांद्यांवर तशाच सोडून गेले होते. नानांनी फळ हातात धरून एकेक फांदी बुंध्यापर्यंत माग काढत नेली आणि कुंपणाकडच्या झाडावर थाप मारली. केनने त्याच दुपारी काडी कापून कलम बांधलं. गाठ पक्की बसली. मी नानांची माफी मागितली. ते म्हणाले, "ताक कर."

सोमवारी मशीन आलं. कलम आमच्या अंगणात. पुढच्या वसंतात उशिरा हिम पडलं, गावातली सगळी कोवळी पालवी करपली आणि आमचं रोप मात्र अजून झोपलेलं होतं. केनला फोन केला, तर त्याने ती बातमी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

चौथ्या वर्षी अकरा फळं धरली. दरवर्षी ती मीच तोडते. आमच्या अंगणात दुसरं फळझाड नाही, अख्ख्या गल्लीत दुसरं पर्सिमन नाही. तरी मी कात्री घेऊन बाहेर पडले की सतीश खिडकीतून सांगतो, "घाई करू नकोस. आधी नीट बघ, कुठल्या झाडाचं आहे ते."