पालकाच्या वाफ्यासाठी फळी

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आमच्या नारायणगुड्याच्या गच्चीवरचा पालकाचा वाफा फळ्यांअभावी अडला आहे. शेजारच्या काकांची नात आता वरचं खायला लागेल, ते याच वाफ्यातलं. म्हणून काका प्रत्येक फळी हुंगतात, नखाने खरवडतात आणि पुन्हा हुंगतात.

काल वखारवाला एका हिरवट फळीवर थाप मारून म्हणाला, "साब, पंद्रह साल दीमक नै लगती."

वाळवीची चिंता मिटली म्हणून मी खूश झालो. काकांचा चेहरा मात्र उतरला. "दीमक क्यों नै लगती?"

तो नुसताच हसला. काकांनी मोबाइल काढला, दोन दातांच्या नातीचा फोटो लावून फळीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "ये बच्ची इसमें की भाजी खाएगी."

वखारवाल्याने फोटो पाहिला आणि मोबाइल उचलून काकांच्या हातात दिला. मग फळी मागे ओढत बोलून गेला, "नक्को लो साब, जहर में डुबाए सो लकड़ी है."