कानामागचं हाड

धुरपताचे दोन्ही कान लहानपणापासून वाहत. पिवळा, चिकट पू. उन्हात त्याचा वास जास्तच येई. नाचणगावातल्या बायका तिच्यापासून सरकून बसत, आणि स्वतःच्या कानांची किळस तिलाही होतीच.

पुलगावच्या कापसाच्या एका जिनात ती सरकी भरायची. त्या हिवाळ्यात यंत्राचा पट्टा तुटला. सगळे ओरडले, तिला ऐकू गेलं नाही. पट्टा तिचं लुगडं फाडून गेला. मुकादम रूपराव दुसऱ्या दिवशी तिच्या कानाशी ओरडला, "डाक्टर म्हणन का कान सुधरते, तर येजो कामावर. नाई तर माह्या जिवाले घोर नोको लावू."

बाजाराच्या दिवशी वर्ध्याचा एक डॉक्टर गावातल्या एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर बसे. बाकडं रिकामं होतं, तरी धुरपताला पायरीखालीच बसवलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. तिच्या नवऱ्याने, प्रेमदासने, घरातले देव नदीत सोडले होते. ओसरीची पायरी मात्र होती तिथेच होती.

आधी व्यापाऱ्याची बायको अनुसयाबाई. डॉक्टरने तिचा कान कापसाने स्वतःच्या हाताने पुसला. मग दोन दातांचा पोलादी काटा गुडघ्यावर वाजवून कानाजवळ धरला. तिने नाही अशी मान हलवली. त्याने काट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, तशी ती हसली. डॉक्टर मोठ्याने म्हणाला, "हाडावर ऐकू येतं, म्हणजे नस जिवंत आहे. पडदा बिघडलाय. औषधाने सुधारेल." इतक्या मोठ्याने, की पायरीखाली धुरपतालाही कळलं.

तिची पाळी आली तेव्हा त्याने नाकाला रुमाल लावला, हात लांब करून काटा हवेतच एकदा इकडे, एकदा तिकडे धरला आणि टेबलावर ठेवून कंपाउंडरला काहीतरी पुटपुटला.

"नस मेली म्हणते साहेब," कंपाउंडर हरिदास ओरडला. "चाल, ऊठ."

"हाडाले काऊन नाई लावलं?"

"आता तू शिकवतं का साहेबाले?"

"त्या बाईले लावलं."

"घाण आहे तिथे," डॉक्टर म्हणाला. ते तिला ऐकू आलं नाही, त्याच्या तोंडावर दिसलं.

सकाळीच तिने ते हाड साबणाने घासलं होतं, कातडी चुरचुरेपर्यंत. आणि अनुसयाबाईचा पू तिने पाहिला होता. तसाच पिवळा होता. डॉक्टरची कापलेली, गुलाबी नखं पाहून तिला किळस आली. आजवर अशी किळस तिला फक्त स्वतःची आली होती.

ती पायरी चढली. काटा उचलला, गुडघ्यावर वाजवला, हाडावर टेकवला. डोक्याच्या आत बारीक, लांब नाद पसरला. दुसऱ्या बाजूलाही.

"येते ऐकू," ती म्हणाली.

डॉक्टरने खुर्ची मागे सरकवली. मग हरिदासला म्हणाला, "काटा उकळून घे. हिला थेंब घाल. वरूनच."

हरिदासने बाटली हातभर उंच धरली, तोंड फिरवून.

"राहू द्या," धुरपता म्हणाली. "तुमच्या हातचं कानात गेलं, त मले ओकारी येईन."

जिनाच्या फाटकावर रूपरावने ओरडून विचारलं, "काय म्हणते डाक्टर?"

"नस मेली म्हणते. पण म्या ऐकलं."

"तुह्या ऐकण्यानं काय होते? डाक्टरचा शब्द आण."

"आणीन. पण याचा नाई," असं म्हणून ती फाटकाबाहेर थांबलेल्या प्रेमदासबरोबर स्टेशनाकडे निघाली, वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात जायला गाडी विचारायला.