किंचाळणं हे नीलमचं काम

घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत नीलम घाडीगावकर घरबसल्या मरायची. कधी पोटात सुरा, कधी गळ्याला दोरी, कधी उंच गच्चीवरून थेट खाली. दक्षिणेतले मारधाडीचे सिनेमे हिंदीत यायचे आणि त्यांतल्या बायांना मार बसला की ओरडायचं ते नीलमने. संवाद दुसरीच कुणी बोलायची. हिच्या वाट्याला नुसता आवाज: किंकाळ्या, हुंदके, धाप.

किंकाळीतही जाती असतात, असं ती सांगायची. सुरा लागला तर आवाज आखूड, कारण वारा आतच अडकतो. उंचावरून पडताना तोंड हळूहळू माइकपासून फिरवायचं. गळा दाबला तर हनुवटी छातीत रुतवायची आणि मनगट चावायचं. तिच्या डाव्या मनगटावर स्वतःच्याच दातांचे वण होते.

पूर्वी या कामासाठी अंधेरीला स्टुडिओत जावं लागे. दिवसभर बाकड्यावर बसायचं, संध्याकाळी एकदाचं मरायचं आणि घरी यायचं. टाळेबंदीत स्टुडिओ बंद पडले तेव्हा डबिंग करून घेणाऱ्या सुबोधने तिच्या घरी माइक पाठवला आणि नीलमचं नशीब उघडलं. पोटमाळ्याखालच्या कोपऱ्यात दोन गाद्या उभ्या केल्या, वर गोधडी टाकली, झाला स्टुडिओ. प्रवास वाचला, बाकडं सुटलं. डाळ शिजेपर्यंत दोन खून उरकायचे. पुढे स्टुडिओ उघडले तरी ती परत गेली नाही.

पहिल्या किंकाळीला मात्र अख्खी चाळ धावली होती. शेजारच्या रुक्मिणीकाकी, गिरणी कामगाराची विधवा, कोयता घेऊन दारात उभ्या. "खंय आसा तो मेलो?" गादीआडून कानाला हेडफोन लावलेली नीलम बाहेर आली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मग तिनेच नियम केला. कडीला लाल ओढणी बांधलेली दिसली की आत काम चालू आहे समजायचं, दार कुणी वाजवायचं नाही.

हळूहळू चाळीला कान फुटले. नळावर काकी मत द्यायच्या, "कालची बरी होती. पण मरताना इतका लांबवू नको गो, माणूस येवढो नाय ओरडत." नीलमला ते आवडायचं. भिंतीपलीकडे तिला हक्काचे श्रोते मिळाले होते.

पंचाईत झाली ती देवेशची. तिचा नवरा देवेश मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात होता. ते दुकान उठलं आणि तोही घरी बसला. एवढीशी खोली, त्यात दोघं. हिचं काम सुरू झालं की टीव्ही बंद, मोबाइल बंद, पंखासुद्धा बंद, कारण माइक पंख्याची घरघर पकडतो. मे महिन्यात, पत्र्याखाली. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. बायको मरतेय म्हणून श्वास मी रोखायचा, असं तो आधी हसत म्हणायचा. मग हसणं गेलं, नुसतं बघणं राहिलं.

एका दुपारी तिचा टेक चालू असताना त्याने उठून पंखा लावला. गोधडी सारून तिने हाताने खूण केली, बंद कर. त्याने तिथल्या तिथे कानशिलात लगावली. हेडफोन उडून ओट्यावर पडला. नीलमच्या तोंडून किंकाळी निघालीच नाही. 'हक्' असा बारका आवाज, उचकीसारखा, आणि मागोमाग तुटका श्वास.

तिने ओट्यावरचा हेडफोन उचलून लावला. पलीकडून टेक थेट ऐकणारा सुबोध खुशीत होता.

"हे काय केलंस यार? एक नंबर. हेच ठेवू."

"पंख्याचा आवाज आलाय."

"येऊ दे, साफ करतो ना मी."

ती पुढे काही बोलणार, तर देवेश समोर उभा. तो दार उघडून बाहेर डोकावला. काकी व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही, आज लवकर आटपलं का म्हणून विचारलं फक्त. देवेशला त्या क्षणी कळलं की बायकोने स्वतःच्या हाताने केवढी सोय करून ठेवली आहे.

त्यानंतर ओढणी तो बांधू लागला. काम नसलेल्या दिवशीसुद्धा. शांतपणे उठायचा, ओढणी कडीला बांधायचा, आत येऊन बोल्ट सारायचा आणि पंखा पाचवर सोडायचा. मग पट्टा, लाटणं, एकदा तर कुकरचं झाकण. नीलम ओरडायची. वाचवा, वाचवा. हाच शब्द तिने माइकपुढे इतक्यांदा विकला होता की आता तो कुणी फुकटही घेईना.

असंच एकदा मार खाऊन दुसऱ्या दिवशी ती मास्क लावून नळावर गेली. मास्कखाली ओठ फाटला होता. काकी म्हणाल्या, "काल तुझा मन नव्हता कामात. सगळा खोटा वाटला."

"काकी, ते काम नव्हतं. तो खरंच मारतो मला."

काकी खळखळून हसल्या. "आता तुका डायलॉगपण मिळूक लागले?"

मागे देवेश बादली घेऊन उभा होता. तोही हसला. नीलमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, भरली बादली." घरात गेल्यावर त्याने तिचं करंगळीचं बोट मागे दुमडलं. कट्‌ असा आवाज आला.

तेव्हा तिने सुबोधला कळवलं की यापुढे अंधेरीला येऊनच काम करेन. बाकड्यावर बसेन, चालेल. देवेशने ते ऐकलं.

"घरात सगळं मिळतंय ना तुला? मग बाहेर कोणाचं तोंड बघायचंय?"

त्याने ओढणी बांधली. भर दुपारी तीनची वेळ. या खेपेला तो मारून थांबेना. लाथेने तिला दोन गाद्यांच्या मध्ये लोटलं, छातीवर गुडघा रोवला आणि पट्टा गळ्याभोवती घेतला. बरगडीत काहीतरी मोडलं. डोळ्यांपुढे काळं आलं. हनुवटी आपोआप खाली गेली, कामातल्या सवयीने, आणि पट्ट्याखाली बोटभर जागा झाली. तेवढ्या जागेतून एक श्वास आत आला. एकच. वाचवा म्हणून तो घालवायचा नव्हता.

"पाणी आलं! पाणी आलं गो!"

डोंगरावरच्या त्या चाळीत पाणी पहाटे येतं, तेही घटकाभर. अवेळी नळ आला तर जेवत्या ताटावरून उठतात माणसं. एका झटक्यात सगळी दारं उघडली. कळश्या, बादल्या, हंडे घेऊन बायका नळाकडे धावल्या. नळ कोरडा. कोण मेलं ओरडलं म्हणून शिव्या सुरू झाल्या. आवाज घाडीगावकरांच्या खोलीतून आला, असं कुणीतरी म्हणालं. तिथे तर काम चालू आहे, दुसरी म्हणाली.

काकी ओढणीकडे बघत राहिल्या. "मरताना कोण पाणी इला म्हणता गो?"

त्यांनी खांदा लावला, मागून चौघींनी. प्लायवूडचं दार बोल्टासकट आत गेलं. देवेश पट्टा धरून उभा होता.

"काय चाललंय? रेकॉर्डिंग चालू आहे."

काकींनी गाद्यांच्या मध्ये पाहिलं. नीलमचा चेहरा जांभळा झाला होता, नाकातून रक्त येत होतं.

"माइक खंय आसा?" काकींनी विचारलं.

माइक फडताळात, खोक्यात होता. देवेशने त्या दिशेला पाहिलं आणि त्याच वेळी काकींची पितळी कळशी त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दात गेले. तो खाली कोसळला तशी बाकीच्यांनी त्याला हंड्यांनी, बादल्यांनी तुडवला. फरफटत व्हरांड्यात आणला, तिथे पुन्हा. कुणीतरी पुरे म्हणालं. काकींनी अजून एक हाणली, मगच कळशी खाली ठेवली, आणि तिथेच बसून रडायला लागल्या. "माका वाटला गो... माका वाटला तुझा काम..."

चौकीत तक्रार झाली. देवेश जामिनावर सुटून आता विरारला भावाकडे असतो, केस चालू आहे. नीलमची बरगडी जुळली. आवाज परतायला पावसाळा संपला. अंधेरीला जायचं तिने पुन्हा मनातून काढून टाकलं. खोली आता तिची होती, पंखा कधी लावायचा ते ती ठरवणार होती.

दाराला नवा बोल्ट तिने बसवलाच नाही. तिची किंकाळी ऐकू आली की काकी हातातलं टाकून येतात, दार ढकलतात, गोधडी उचलून तिचा चेहरा निरखून बघतात आणि जातात. दर किंकाळीला. एका खुनाचे पाच-पाच टेक होतात. सुबोध वैतागतो.

"तुझ्याकडे फार डिस्टर्बन्स आहे, नीलम. त्या काकीला जरा सांग ना, दहा मिनिटं येऊ नको म्हणून."

"नाही सांगणार," नीलम म्हणते. "पुन्हा घेऊ."