तीन बदाम

बंद गिरणीच्या फाटकासमोर आमचा धरण्याचा तंबू होता आणि दुपारी तिथे पोकर चालायचा. पैशांवर नाही, चिंचोक्यांवर. मी बी.एस्सी.ला होते. सकाळी कॉलेजात संभाव्यता शिकायची, दुपारी तंबूत पत्रकं लिहायची. त्या आठवड्याचं पत्रक माझंच होतं: 'गिरणी सुरू होणारच. स्वेच्छानिवृत्तीच्या फॉर्मवर कुणीही सही करू नये.' सही केली तर एकरकमी पैसे मिळणार होते, मुदत शनिवारपर्यंत होती. बाबांचा कोरा फॉर्म त्यांच्या खिशात होता.

शुक्रवारी बाबांच्या हातात चार बदाम आले, पाचवा पत्ता फालतू. तो बदलून बदाम आला तर डाव त्यांचा.

"बोल गं, खेळू की टाकू?"

"न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस. त्यांत बदाम नऊ, बाकीचे अडतीस. म्हणजे एकदा जमलं तर चारदा फसेल. पण घालायचे दहा आणि ढिगात आहेत पन्नास. खेळा, बाबा!"

बाबांनी दहा चिंचोके सरकवले. आली चौकटची दुर्री.

समोर बसलेले चाचा, बाबांच्याच खात्यातले, खो-खो हसले. "अरे बिटिया, तीन लाल पान तो कब के आँधी में उड़ गए! पूरे तंबू को मालूम है."

म्हणजे बदाम नऊ नव्हेत, सहाच. डाव टाकायलाच हवा होता. मी बाबांवर चिडले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू इतकं मन लावून सांगत होतीस," ते म्हणाले. मग हळूच, "गिरणीचं पण मांड ना तसंच."

"लढ्यात शक्यता मोजत नसतात, बाबा."

शनिवारी तंबूतल्या बऱ्याच जणांनी गुपचूप सह्या केल्या. बाबांनी केली नाही.

दिवाळीनंतर फाटक उघडलं, ते भंगारवाल्यांच्या ट्रकसाठी. उरलंसुरलं लोखंड तेवढं निघालं. यंत्रं मालकांनी आम्ही बाहेर घोषणा देत असतानाच मागच्या बाजूने विकली होती. ही लबाडी होती, आणि ते मी आजही कुठल्याही पत्रकात लिहीन.

पण चाचा म्हणाले, "तेरे बाबा को पता था. उसी शुक्रवार सबेरे मेरे कंधे पर चढ़के दीवार से झाँक आए थे. अंदर सब खाली."

तेव्हा बाबा फ्रीगंजच्या बाजारात एका दुकानाच्या दारात पहारेकऱ्याच्या गणवेशात स्टुलावर बसायचे. माहीत असून सही का केली नाहीत, हे विचारायचंच, असं ठरवून मी डबा घेऊन गेले. मला पाहून ते उठले, स्टूल मला दिलं.

"नवं पत्रक आणलंस का? वाच ना," म्हणाले.